पाकिटातली बाकरवडी: चवीला पैकीच्या पैकी, लेबलला जेमतेम

चव उत्तम: खसखस-तिळाचं सारण, चिंचेचा आंबटपणा, कुरकुरीत कड. आता पाकीट उलटं करा. तळलेल्या बाकरवडीत १०० ग्रॅमला ५०० किलोकॅलरीच्या आसपास ऊर्जा असते. आकडे जुळतात का, हे ताडून बघता येतं: ग्रॅममागे फॅटच्या ९ आणि कर्बोदकं-प्रथिनांच्या ४ किलोकॅलरी धरा. ३० ग्रॅम फॅट गुणिले ९, ५० ग्रॅम कर्बोदकं आणि ८ ग्रॅम प्रथिनं गुणिले ४, बेरीज ५०२.

खरी गोम 'सर्व्हिंग'मध्ये, म्हणजे कंपनीने एका वेळचं खाणं म्हणून धरलेल्या वजनात. दैनंदिन गरजेची टक्केवारी त्या एका सर्व्हिंगची असते, बहुधा ३० ग्रॅमची. वाटीभर बाकरवडी वजनकाट्यावर ठेवून बघाच! २०० ग्रॅमचं पाकीट दोघांत संपलं, तर प्रत्येकी ५०० किलोकॅलरी आणि ३० ग्रॅम फॅट. फॅटचं दिवसाचं प्रमाण लेबलवर ६७ ग्रॅम धरलेलं आहे.

तेलही बघा. पामोलीनमध्ये (पाम तेलाचा पातळ भाग) ४०-४५ टक्के फॅट संपृक्त (सॅच्युरेटेड), सोयाबीन तेलात साधारण १५. 'खाद्यतेल' वाचून पुढे जाऊ नका, कंसातलं नाव वाचा. सोडियम गुणिले अडीच म्हणजे मीठ: ८०० मिलिग्रॅम असेल तर २ ग्रॅम. 'ट्रान्स फॅट ०' ही फुशारकी मात्र सोडून द्या, संपृक्त फॅटची ओळ त्याच्या शेजारीच असते, ती वाचा.