फिलॉसॉफीवाल्यांसाठी करिअर काउन्सेलिंग : पाचपैकी अडीच

भाचीचं टीवायबीए झालं, विषय फिलॉसॉफी, आणि घरात रोज "आता पुढे काय" चालू, म्हणून तिला पुण्यातल्या एका काउन्सेलिंगवाल्यांकडे घेऊन गेलो. नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. फी साडेतीन हजार, त्यात ॲप्टिट्यूड टेस्ट, रिपोर्ट आणि तासभर बोलणं.

टेस्ट ठीकठाक. रिपोर्ट मात्र नुसता चकचकीत, रंगीत पाय चार्ट वगैरे, आणि आत काय तर प्राध्यापक, लेखक, पत्रकार, एचआर, बायोएथिसिस्ट (वैद्यकातले नैतिक प्रश्न बघणारा), सिव्हिल सर्व्हिसेस. अहो ही यादी मोबाईलवर फुकट मिळते! यातल्या कुठल्या दारातून आत कसं शिरायचं ते सांगायचे पैसे ना?

प्राध्यापकाचंच घ्या. तिथल्या काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "नेट देऊन टाक," म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा. तीन वर्षांच्या बीएवर नेट कुठून देणार, आधी एमए करायला लागतं, तेही ओपनला ५५ टक्के. जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरचे मार्क पडले की मिळणारी संशोधनाची फेलोशिप, लागली तर महिना ३७ हजार, भारीच आहे, पण नुसतं नेट झालं तर मग कॉलेजात तासिका तत्त्वावर राबायचं आणि पर्मनंट जागेची वाट बघत बसायचं, त्याबद्दल चकार शब्द नाही. अकरावी-बारावी आर्ट्सला तर्कशास्त्र विषय असतो, एमए बीएड करून तो शिकवता येतो, हे मीच त्यांना सांगितलं. आणि बायोएथिसिस्ट म्हणजे काय विचारलं तर "खूप स्कोप आहे". औषधांच्या चाचण्यांसाठी हॉस्पिटलमध्ये एथिक्स कमिटी लागते, २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ७ सदस्य, त्यात समाजशास्त्रज्ञ किंवा फिलॉसॉफर अशा कुणासाठी एक जागा असते. पण ती कमिटीतली खुर्ची झाली, मीटिंगपुरती, बीए झालेल्या पोरीची नोकरी नव्हे.

यूपीएससीवर आल्यावर मॅडम एकदम खुलल्या. फिलॉसॉफी ऑप्शनल ५०० मार्कांचा, सिलॅबस त्यामानाने छोटा, २०१३ पासून एथिक्सचा २५० मार्कांचा पेपर आहे त्यातही मदत होते. सगळं बरोबर, पण लगेच खणातून एका क्लासचं पॅम्प्लेट निघालं तेव्हा मी काय ते समजलो.

मग अडीच स्टार कशाचे? शेवटी पंधरा-वीस मिनिटं एक तरुण सर आले त्यांचे. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि भाडेकराराची एक झेरॉक्स हिच्यासमोर टाकली, म्हणाले यात भोक शोध. ती वाचत बसली आणि म्हणाली, "सर, 'वाजवी कारण असल्यास घर रिकामे करून घेता येईल' लिहिलंय, पण वाजवी आहे की नाही हे ठरवणार कोण? मालकच ना?" सर म्हणाले हेच काम आहे, याचेच पैसे मिळतात. मग तीन वर्षांचं एलएलबी, त्याची सीईटी, कंपन्यांत करार तपासणारी माणसं काय करतात, कम्प्लायन्स म्हणजे कंपनी कायदे-नियम पाळते का ते बघायचं काम, सगळं नीट सांगितलं, आणि एलएलबीनंतर पहिली काही वर्षं पगार बेताचाच असतो हेही लपवलं नाही. पोरगी पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारायला लागली.

जायचंच असेल तर फोनवर आधी विचारा की नुसतं त्या सरांशी बोलायचे किती घेता. रिपोर्ट नको म्हणा. एसी जोरात असतो, पार्किंग नाही.