आटवायचं की नुसतं उकळायचं? उघड्यावरच्या मोठ्या पातेल्याला भट्टी, शेगडी की लाकूड

कोजागरीला गच्चीवर 50 लिटर दूध ठेवायचं असो की हुरड्याच्या दिवसांत शेतावर आमटीचं पातेलं, मंडपवाल्याकडे विचारणा एकच असते: गॅसची टाकी एक पुरेल की दोन सांगू? उत्तर सहसा माणसांच्या संख्येवरून दिलं जातं. तिथेच हिशेब चुकतो. गॅस माणसं खात नाहीत आणि पातेल्याचे लिटरही फारसे खात नाहीत. तो जातो वाफेत आणि वाऱ्यात.

आधी वाफ. 1 लिटर पाणी 1 अंशाने तापवायला सुमारे 4.2 किलोज्यूल उष्णता लागते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे इथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांना उकळतं. 25 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला लिटरमागे 310 किलोज्यूल धरा. तेच 1 लिटर वाफ करून उडवायला मात्र 2,260 किलोज्यूल लागतात. म्हणजे 1 लिटर आटवायच्या गॅसमध्ये 7 लिटर उकळीला येतात. दुधाचे आकडेही पाण्याच्या इतके जवळ आहेत की वेगळा हिशेब करायची गरज नाही.

1 किलो एलपीजीत सुमारे 46 मेगाज्यूल उष्णता असते. पातेल्याखाली ज्योत नीट बसली आणि आडोसा असला, तर त्यातली 40 टक्के पातेल्यात उतरते असं धरावं. यावरून दोन आकडे पाठ करून ठेवा: 10 लिटर उकळीला आणायला 170 ग्रॅम गॅस आणि आटणाऱ्या प्रत्येक लिटरला 123 ग्रॅम.

आता एकच काम तिन्ही चुलींवर मांडू. 50 लिटर दूध उकळून 35 लिटरवर आणायचं, म्हणजे 200 मिलीचे पावणेदोनशे ग्लास. उकळीला 850 ग्रॅम, आटवायला 1,850 ग्रॅम, एकूण 2.7 किलो गॅस. निम्म्यावर आणून बासुंदी करायची असेल तर तेच दूध 3.9 किलो गॅस घेतं.

हाय प्रेशरची भट्टी. ताशी दीड किलो जाळणाऱ्या भट्टीवर हे दूध 35 मिनिटांत उकळीला येतं. वेळ वाचतो, पण ज्योत तळाच्या मध्यावर एकवटते आणि दूध तिथेच बुडाला लागतं. उकळी आली की कॉक ताशी किलोभरावर आणा आणि झारा तळ खरवडत सतत फिरू द्या. मग एकूण अडीच तास लागतात. आमटी, भात, चहाचं पाणी यांना ही भट्टी उत्तम. दुधालाही चालते, फक्त पातेलं जाड बुडाचं हवं आणि ढवळायला दोन माणसं आळीपाळीने हवीत.

दुसरी अडचण टाकीची. आतला द्रव गॅस वाफ होताना टाकीचीच उष्णता घेतो. मोठी ज्योत तासभर चालली की टाकीला बाहेरून घाम येतो, मग बर्फाची पांढरी रेघ उमटते आणि ज्योत खाली बसते. टाकी जितकी रिकामी, तितकं हे लवकर होतं. लोक म्हणतात गॅस संपला. वजन केलं तर तीन-चार किलो आत असतात. डिसेंबरच्या रात्री शेतावर हे हमखास घडतं. टाकी आडवी करू नका, द्रव थेट नळीत येतो. टाकीखाली निखारे तर कधीच नाहीत. दोन टाक्या एका जोडणीवर लावल्या की प्रत्येकीवर निम्मा भार येतो आणि ज्योत टिकते. म्हणून 2.7 किलोच्या कामाला अर्ध्या भरलेल्या टाकीवर विसंबू नये.

लो प्रेशरची शेगडी. ताशी अर्धा किलो जाळणारी तीन रिंगांची शेगडी गॅस तेवढाच घेते, पण साडेपाच तास लावते. ज्योत पसरट असल्याने दूध करपत नाही, टाकी गारठत नाही. संध्याकाळी चार वाजता पातेलं चढवायची तयारी असेल तर दुधासाठी आमची पसंती हिलाच. वाऱ्यापुढे मात्र ही लगेच हरते.

लाकूड. वाळलेल्या बाभळीच्या किलोमागे 15 मेगाज्यूल धरले आणि चर खणून केलेल्या चुलीत त्यातले 15 टक्के पातेल्यात उतरले, तर याच दुधाला 22 किलो लाकूड लागतं. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर 33 किलोही जाईल. ओलसर लाकूड असेल तर आधी त्याचंच पाणी उडवावं लागतं आणि दुधाला धुराचा वास धरतो. आमटीला तो वास चालतो, काहींना हवाही असतो. मसाला दुधाला नाही.

पैशांचा निकाल सोपा आहे. वरच्या हिशेबाने 1 किलो गॅस 8 किलो लाकडाचं काम करतो. 19 किलोच्या टाकीची आजची किंमत 19 ने भागा, लाकडाचा किलोचा दर 8 ने गुणा. जो आकडा लहान, ते स्वस्त. बांधावरचं स्वतःचं लाकूड असेल तर प्रश्नच नाही. आणि हुरडा भाजायचा तो आगटीत गोवऱ्यांवरच, तिथे गॅस आणूच नये.

आता वारा. आडोसा नसला की 40 टक्क्यांचे 25 होतात आणि 2.7 किलोचे 4.3 किलो. पत्रा तीन बाजूंनी, पातेल्यापासून वीतभर अंतरावर उभा करा. चारही बाजू बंद केल्या तर भट्टीला हवा पुरत नाही, ज्योत पिवळी पडते आणि बुडाला काजळी धरते. टाकी पत्र्याच्या बाहेर, नळी पुरेल तेवढी लांब ठेवा आणि नळी ज्योतीच्या बाजूने नेऊ नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खड्ड्यात साचतो. म्हणून लाकडासाठी खणलेल्या चरात भट्टी उतरवायची नाही. ज्योत पातेल्याच्या कडांवरून वर चाटत असेल तर कॉक कमी करा, ती उष्णता आभाळात चालली आहे. आमटीवर झाकण ठेवा. दुधावर ठेवता येत नाही, उतू जातं.

टाकी घेताना दोन गोष्टी पाहा. ऑर्डरच्या स्वयंपाकाला 14.2 किलोची घरगुती टाकी वापरणं बेकायदा आहे, शिवाय तिचा रेग्युलेटर लो प्रेशरचा असल्याने मोठी भट्टी त्यावर नीट पेटतही नाही. कमर्शियल टाकीच्या गळ्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं. 50 किलोपर्यंतचा हुकाचा काटा आणा, टाकी दोरीने टांगा, आलेल्या वजनातून कोरलेला आकडा वजा करा. उरला तो गॅस.

भट्टी ताशी किती खाते हे मंडपवाल्यालाही ठाऊक नसेल, तर नेहमीच्या ज्योतीवर पाण्याचं पातेलं ठेवून ती अर्धा तास चालवा. कॉक बंद करा, टाकीवरचं पाणी पुसा, पुन्हा वजन करा आणि फरक दुप्पट करा. तो आकडा खडूने भट्टीच्या पायावर लिहून ठेवा.