एमसीआर चप्पल : मिशन दवाखान्यांची देणगी नाशिकच्या जमिनीवर कशी उतरते

दिसायला वस्तू अगदी साधी. वर मऊ रबराचा जाड थर, खाली कडक सोल, पावलावरून दोन रुंद पट्टे आणि टाचेमागून एक. मायक्रोसेल्युलर रबर, म्हणून एमसीआर. नाशिक जिल्ह्यात ती तीन वाटांनी पायात येते : सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून मोफत, एखाद्या मिशनच्या किंवा धर्मादाय संस्थेच्या शिबिरातून मोफत, आणि बाजारातून ‘डायबेटिक चप्पल’ या नावाने विकत. नाव सगळीकडे एकच असतं, पण माल एकच असेल असं धरून चालू नये.

आधी ही चप्पल नेमकं काय काम करते ते. कुष्ठरोगात बोटं झडून पडतात ही समजूत अजून गावोगाव आहे. ती चूक आहे. जंतू नसांवर हल्ला करतो, पाय बधिर होतो, आणि पुढचं नुकसान न दुखणाऱ्या जखमांमुळे होतं. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरातला, आईवडील मिशनरी. वेल्लोरला आणि पुढे जवळच्याच करीगिरीच्या कुष्ठरोग केंद्रात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जखमा नीट न्याहाळल्या. खिळा घुसणं किंवा भाजणं हा एक प्रकार. घट्ट पट्ट्याने तासन्‌तास रक्त अडणं हा दुसरा. तिसरा सगळ्यांत चकवा देणारा : रोजच्याच चालण्याचा रोजचाच दाब, त्याच जागेवर, हजारो वेळा. निरोगी माणूस थोडं चालला की नकळत पाऊल जरा वेगळं टाकतो, लंगडतो, बसतो. बधिर पायाला ती सूचनाच मिळत नाही. चवड्याखालचं मांस आतून सुजतं, मऊ पडतं, आणि एक दिवस भोक पडून पाणी वाहायला लागतं. तोवर माणूस आठ-दहा दिवस त्याच जागेवर चाललेला असतो.

एमसीआर या तिसऱ्या प्रकारावरचा उपाय आहे. पहिल्या दोन प्रकारांत ती थोडीच मदत करते, आणि पट्टा चुकला तर दुसरा प्रकार स्वतःच घडवते.

आता साहित्य. खरं एमसीआर बंद पेशींचं असतं. आतले हवेचे बुडबुडे एकमेकांना जोडलेले नसतात, म्हणून ते स्पंजसारखं पाणी शोषत नाही आणि धुता येतं. रबराचा कडकपणा मोजायच्या शोअर मापावर ते साधारण १५ भरतं, म्हणजे बरंच मऊ. मापयंत्र दुकानात कोण ठेवणार? अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये वरचा थर जोरात दाबून पाहा. जाडी निम्म्यावर यायला हवी आणि सोडल्याबरोबर जागेवर परत यायला हवी. दबतच नसेल तर ते साध्या स्लिपरचं रबर आहे. दबून तसंच राहत असेल तर हलका फोम आहे, महिन्या-दोन महिन्यांत पापडासारखा होईल. बाजारातल्या पुष्कळ जोड्या या दुसऱ्या जातीच्या असतात : हातात घेतल्या की फार मऊ लागतात, गिऱ्हाईक खूश होतं, आणि सत्तर किलोच्या माणसाखाली त्यांचा तळ लागतो. वरचा थर किमान ८ मिलिमीटर हवा, वजनदार माणसाला १० ते १२. निव्वळ मऊपणाला भुलू नका.

जोडणी सोल्यूशनने आणि शिलाईने झालेली हवी. खिळा एकही नको, चुक (मोचीचा बारीक खिळा) सुद्धा नको, कारण झिजत झिजत ती वर येते आणि पायाला कळत नाही. हे वेल्लोरपासून ठरलेलं आहे. तरी गल्लीतल्या मोचीकडे पट्टा दुरुस्तीला दिला की तो सवयीने दोन चुका ठोकून देतो. देतानाच ‘फक्त शिवा’ म्हणून बजावा, आणि परत घेताना आतून बघा. बोटाने चाचपायचं तर ज्याचा हात शाबूत आहे त्याने चाचपावं, कारण कुष्ठरोगात हातही बधिर असू शकतो.

अंगठ्याची चप्पल मात्र अजिबात नको. कोल्हापुरी किंवा हवाई चप्पल पायात टिकवायला बोटांनी सतत पकड धरावी लागते. वाकड्या झालेल्या बोटांना ते जमत नाही, बधिर पायातून ती कधी निसटली हेही समजत नाही, आणि माणूस फर्लांगभर अनवाणी चालतो. म्हणून टाचेमागचा पट्टा. बोटं आखडलेल्यांना बक्कल लावता येत नाही, त्यांना रुंद वेल्क्रो द्यावा, टोकाला बोट अडकेल असा फासा शिवून.

माप घेण्यात सगळ्यांत जास्त घोटाळे होतात. ‘सात नंबर’ हे माप नव्हे. माणसाला कागदावर उभं करायचं, वजन दोन्ही पायांवर, आणि पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पावलांची वेगवेगळी आखणी करायची. बसवून घेतलेली आखणी अरुंद येते, कारण उभं राहिल्यावर पाऊल पसरतं. शक्यतो संध्याकाळी घ्यावी, दिवसभरात पायावर सूज चढलेली असते. सर्वांत लांब बोटापुढे एक सेंटिमीटर जागा, आणि कडेने पाऊल कुठेही सोलबाहेर येता कामा नये. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकलं पाहिजे. दोन पाय वेगळ्या मापाचे असतील तर जोडीही वेगळ्या मापाची. कार्यशाळेत हे होतं, दुकानात होत नाही.

नवी जोडी पहिल्या दिवशी फक्त दोन तास. काढून दोन्ही तळवे आरशात बघायचे. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर तिथे दाब आहे, जोडी परत. डाग नसेल तर रोज तासभर वाढवत न्यायचं. हळदीकुंकवाच्या दिवशी नवी चप्पल घालून दिवसभर मिरवली आणि रात्री फोड आला, असं होतं ते या दोन तासांच्या नियमाला फाटा दिल्यामुळे.

एका चुकीबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण ती चांगल्या हेतूने होते. चवड्याखाली जखम दिसली की सोलला त्या जागी गोल भोक पाडायचं, म्हणजे जखम टेकणार नाही! पण त्या भोकाच्या कडा दाबत राहतात, मधलं मांस भोकात उतरून सुजतं आणि जखम मोठी होते. योग्य उपाय म्हणजे जखमेच्या जागेच्या मागे, टाचेच्या बाजूला, आडवी पट्टी किंवा चिंचोक्याच्या आकाराची गादी चिकटवणं. त्याने भार हाडाच्या टोकावरून मागे सरकतो. आणि उघडी जखम एमसीआरने भरत नाही. त्यासाठी विश्रांती किंवा पायाला बिलगणारं प्लास्टर लागतं, ते ठरावीक दिवसांनी बदलत राहावं लागतं. ही प्लास्टरची पद्धत भारत आणि श्रीलंकेत कुष्ठरुग्णांवर वापरली जात होती. ब्रँड १९६६ साली अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला गेले आणि तिचा तिथे प्रसार झाला. आज मधुमेही पायांच्या जखमांवर जगभर तीच वापरतात. पाय गरम आणि सुजलेला असेल, जखम नसली तरी, तर चप्पल बाजूला ठेवून थेट डॉक्टरकडे : आत हाडं ढासळत असू शकतात. गरम आहे की नाही हे हाताच्या मागच्या बाजूने, दोन्ही पायांची तुलना करून बघावं.

नाशिकच्या जमिनीवर ही चप्पल कशी वागते? सपाट रस्त्यावर ती ठीक चालते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत तिला अवघड जातं. छाटणीनंतर वाफ्यात तिरप्या कापाच्या काड्या आणि तारेचे तुकडे पडलेले असतात, बांधावर बाभळीचा काटा असतोच. खालचा सोल चार मिलिमीटरचा असेल तर काटा तो पार करून मऊ थरात रुततो आणि प्रत्येक पावलाला टोचत राहतो. बागेत काम करणाऱ्याला जुन्या टायरचा सोल लावून द्यावा. वजन वाढतं, पण काटा अडतो. टायर मात्र नायलॉनचा हवा. रेडियल टायरच्या थरात पोलादी तारा असतात, झिजल्यावर त्याच वर येतात. टायरचा बाक सपाट न करता चिकटवला तर कडा उचलल्या जातात आणि पाय मधे घळीत बसतो. बागेतून आल्यावर चप्पल उलटी करून आपटायची आणि सोल उजेडात बघायचा, रोज.

पेठ, सुरगाणा, इगतपुरीकडे प्रश्न उलटा. भातलावणीच्या चिखलात पट्ट्याची चप्पल रुतून बसते, माणूस ती बांधावर काढून ठेवतो आणि अनवाणी उतरतो. तिथे एमसीआर चप्पल देणं म्हणजे बांधाला चप्पल देणं. दोन नंबर मोठा गमबूट घेऊन त्यात एमसीआरचा तळ कापून घालावा, दर तासाला बाहेर येऊन बूट रिकामा करावा. पावसाळ्यात चामड्याचे पट्टे कुजतात, रेक्झिन किंवा जाड कापडी निवार बरी. उन्हाळ्यात चप्पल पत्र्यावर किंवा मोटारसायकलच्या सीटवर तापू देऊ नये, सोल्यूशन ढिलं पडून थर सुटतात. मोटारसायकलवरून आठवलं : मागे बसलेल्या बधिर पायाला सायलेन्सर कधी चिकटला ते वास आल्यावरच कळतं.

मग देवदर्शन. रामकुंडाच्या पायऱ्या एप्रिलमधे दुपारी काय तापतात ते नाशिककरांना सांगायला नको. चप्पल बाहेर काढावी लागते, आणि दहा मिनिटांत तळव्याला फोड. बधिर पायाच्या माणसाने दर्शन उजाडताच उरकावं. ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी करण्याचा नेम असेल तर तो सोडावा, देवाला चालतं. रात्री पाय न झाकता जमिनीवर झोपणाऱ्यांसाठी वेल्लोरचा एक जुना धडा आहे : तिथे रुग्णांची बोटं रात्रीतून कमी होत होती, कारण उंदीर कुरतडत होते. उपाय म्हणून रुग्णांना मांजरं दिली गेली.

वस्तूला गुण द्यायचे तर भरपूर द्यावे लागतील. वाटपाला तेवढे देता येत नाहीत. जानेवारीतला कुष्ठरोग दिन किंवा नाताळ जवळ आला की शंभर जोड्यांची खोकी येतात. सहा, सात, आठ, नऊ नंबर, सगळ्या एकाच साच्याच्या, एकाच निळ्या रंगाच्या. रांग लागते, फोटो होतात, ज्याच्या पायाला जी बसेल ती. ज्याच्या पायाची तीन बोटं गेली आहेत, पाऊल आखूड आणि रुंद झालं आहे, त्याला यातली कुठलीच बसत नाही. तो मानाने घेतो आणि घरी खुंटीला अडकवतो. जुन्या मिशन केंद्रांनी असं केलं नव्हतं. करीगिरी, नेपाळमधलं आनंदबन (१९५७), इथिओपियातलं अदिस अबाबाचं अलर्ट (१९६५) यांच्यासारख्या केंद्रांत दवाखान्याइतकीच पादत्राणांची कार्यशाळा महत्त्वाची धरली गेली. डॉक्टर सांगतो, चर्मकार मापतो, रुग्ण चालून दाखवतो, पुन्हा दुरुस्ती होते. अनेक ठिकाणी चर्मकार स्वतःच बरे झालेले रुग्ण होते. हुनर शिकवण्याची ही रीत नाशिकला परकी नाही. १९व्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वसवलेल्या शरणपूरमधे गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं सुतारकी, लोहारकी शिकली.

निळ्या रंगाचंही बघायला हवं. ही चप्पल गावात लांबून ओळखू येते आणि घालणाऱ्याचा आजार जाहीर करते. बहुविध औषधोपचाराने रोग पूर्ण बरा होतो, औषध मोफत मिळतं, पण चप्पल जुनी कथा सांगत राहते. त्यामुळे बायका ती लग्नाकार्यात घालत नाहीत, आणि नेमकं त्याच दिवशी सर्वांत जास्त चालणं होतं. काळा किंवा तपकिरी पट्टा, वर साधी नक्षी, एवढ्यानेही फरक पडतो. मधुमेह्यांमुळे बाजारात असे नमुने आले, ही बाजाराची जमेची बाजू.

एक जोडी सहा महिने ते वर्षभर टिकते. बागेत त्याहून कमी. त्यामुळे एकदा देऊन निघून जाणाऱ्या शिबिरापेक्षा दर सहा महिन्यांनी माप घेणारी लहान कार्यशाळा चांगली. शिबिर भरवणाऱ्यांनी शंभर तयार जोड्यांच्या पैशात एमसीआरचे तक्ते, सोल, वेल्क्रो आणि एका चर्मकाराचे दहा दिवस विकत घ्यावेत. जोड्या कमी होतील, पायात राहतील.

सरकारी जोडीसाठी आशाताईकडे किंवा जिल्ह्याच्या कुष्ठरोग कार्यालयात नाव नोंदवता येतं. मापाला जाताना जुनी चप्पल सोबत न्यावी, आणि धुऊन नेऊ नये. वरच्या थरावर घामाने काळे पडलेले खळगे कुठे खोल आहेत त्यावरून चर्मकाराला दाबाची जागा दिसते, आणि गादी कुठे चिकटवायची ते त्याला रुग्णाला विचारावं लागत नाही.