जुन्या बँकेच्या भिंतीला चुना की सिमेंट?

बेळगावच्या शहापुरातली बँक नव्या जागेत गेली. मागे राहिल्या जांभा दगडाच्या जाडजूड भिंती, सागवानी काउंटर आणि तिजोरीची खोली. गिलाव्याला गवंडी सिमेंट म्हणतो, मी चुना.

सिमेंट लवकर धरतं, कारागीर कुठेही मिळतो. पण जांभा सच्छिद्र. बेळगावच्या पावसात तो पाणी पितो आणि सिमेंट ती ओल आतच कोंडतं. तिजोरीमागे पूर्वी सिमेंट मारलंय. तिथे बोट टेकवलं, तर पोपडा सुटून ओली लाल माती नखात आली.

चुन्यातून ओल बाहेर पडते. वाळूबरोबर चुन्याच्या घाणीत, म्हणजे दगडी चाकाखाली, मळायचा, गुळाचं पाणी घालायचं. मग हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत तो सावकाश दगडासारखा होतो. बारीक भेगा पुष्कळदा तो स्वतःच भरून काढतो. मजुरी जास्त, दिवसही जास्त. तरी इथे चुनाच हवा. मागच्या अंगणातल्या नव्या खोलीला सिमेंट चालेल.