अठ्ठेचाळीसचं सोळा करून देणारा कारागीर

आमच्या बाबांचा डीबी स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर वीसेक वर्षं माळ्यावर गाद्यांच्या मागे पडून होता. १९८७ साली घेतलेला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स तेव्हा सिंक्लेअर या इंग्लंडच्या कंपनीच्या लायसन्सवर ही मशीन भारतात विकत होती. काळा चपटा खोका, कीबोर्डच्याच पोटात अख्खा कॉम्प्युटर, टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम कॅसेटवर ठेवायचे. बाबा सोसायटीचे खजिनदार होते. मेंटेनन्सचा हिशेब ठेवायचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला होता आणि त्याचं कौतुक आम्ही सोडून सगळ्यांनी केलं होतं.

यंदा दिवाळीच्या साफसफाईत मशीन खाली आली. बाबा आता चौऱ्याऐंशीचे. "बघ रे लागते का," म्हणाले. जुन्या पोर्टेबल टीव्हीला जोडून सुरू केली, तर भोवतीची चौकट नीट, पण मधल्या भागात काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या. त्यापुढे काहीच नाही. बेंगळुरूच्या भाच्याला दाखवायला मागचे स्क्रू काढले आणि बोर्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तो एक फोटो काढला नसता तर पुढचं काहीही मला सिद्ध करता आलं नसतं.

पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तीन दुकानांत विचारलं. दोघांनी मशीनकडे बघून मान हलवली. तिसऱ्याने एका पत्त्याची चिठ्ठी दिली, "तिकडे जुनी मशीन करतात." पेठेतच, जिन्याखालची खोली. भिंतीवर जुने रेडिओ, एक टाइपरायटर. पस्तिशीचा माणूस, बोलायला लाघवी. मशीन उघडून पाच मिनिटं बघितली आणि म्हणाला, "यूएलए गेलाय, काका."

यूएलए म्हणजे स्पेक्ट्रमच्या बोर्डावरची मोठी चिप. चित्र काढणं, कीबोर्ड वाचणं, कॅसेट, आवाज, सगळं तिच्यामार्फत होतं. फेरांटी कंपनीने ती खास सिंक्लेअरसाठी बनवलेली, त्यामुळे दुकानात मिळत नाही. फसवायला याहून सोयीचा पार्ट नाही. ती गेली म्हटलं की गिऱ्हाईक पडताळणार कशाशी? तरी मला तिथेच एक शंका यायला हवी होती. यूएलए खरंच मेला असता तर सहसा टीव्हीवर स्थिर चित्रच आलं नसतं. आमच्याकडे चौकट नीट येत होती, घोळ फक्त मधल्या भागात होता. म्हणजे संशय आधी मेमरीवर आणि तिच्या वीजपुरवठ्यावर घ्यायला हवा. हे शहाणपण अर्थातच नंतरचं.

"इंग्लंडहून मागवावी लागेल. साडेसहा हजार. आधी द्यावे लागतील." दिले. गूगल पे नको म्हणाला, रोख हवी. पावती म्हणून कागदाच्या कपट्यावर रक्कम आणि सही. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही. मी सदाशिव पेठेत वाढलेला माणूस, वाण्याशी आठ आण्यांवरून वाद घातलेला, आणि तो कपटा खिशात घालून निघालो.

तीन आठवड्यांनी फोन आला. गेलो तर त्याने मशीन लावूनच ठेवली होती. पांढरा पडदा, खाली काळ्या अक्षरांत © १९८२ सिंक्लेअर रिसर्च लिमिटेड. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. मजुरी अठराशे, अडॅप्टर सातशे. "काका, एकूण नऊ होतात, तुम्ही साडेआठ करा." पाचशे वाचले म्हणून मी त्याला पेढेही दिले.

जुनी चिप मागितली तर म्हणाला, "जळकी काय ठेवायची, टाकून दिली."

घरी बाबांनी कॅसेट काढली. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटने पुसलं, आवाज जुळवायला चार-पाच खेपा लागल्या. मग चौकटीवर आधी लाल-आकाशी जाड पट्टे आणि नंतर पिवळे-निळे बारीक पट्टे धावायला लागले, आणि तो किर्र आवाज. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "पुरे आता!" आणि पडद्यावर आलं, "४ आउट ऑफ मेमरी".

मी म्हणालो, कॅसेट खराब झाली असेल. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा चढवून त्यांनी आपली जुनी वही उघडली आणि एकेक कळ शोधत एक ओळ टाइप केली. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे स्पेक्ट्रम असेल तर दुकानातून हलण्याआधी हीच ओळ स्वतः टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. मशीन सुरू होताना आपल्याला किती मेमरी सापडली याची नोंद त्या जागी ठेवते. ४८ के (किलोबाइट) असेल, जशी आमची मूळची होती, तर उत्तर ६५५३५. सोळा के असेल तर ३२७६७.

आमचं उत्तर आलं ३२७६७.

बाबा एवढंच म्हणाले, "अरे, बत्तीस के कुठे गेली?"

गोम अशी की सोळा के आणि अठ्ठेचाळीस के, दोन्हींची रॉम, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्रॅम असलेली चिप, एकच. वरची मेमरी सापडली नाही तरी मशीन कुरकुर करत नाही, असेल तेवढ्यावर भागवते आणि तोच सिंक्लेअरचा संदेश तितक्याच दिमाखात दाखवते. सोळा के मध्ये बेसिकसाठी जेमतेम नऊ के उरते. बाबांचा चोवीस बिऱ्हाडांचा हिशेब त्यात मावणार कसा?

मागचे स्क्रू पुन्हा काढले. बोर्डावर मेमरीच्या दोन रांगा असतात. खालच्या सोळा के साठी ४११६ नावाच्या आठ चिप, त्या जागेवर होत्या. वरच्या बत्तीस के च्या आठ चिपांची जागा रिकामी. सोल्डर ओरबाडलेलं, दोन ठिकाणी तांब्याची रेघ उखडलेली. (त्या मूळ चिपही गमतीच्या. चौसष्ट किलोबिटच्या, पण कारखान्यात प्रत्येकीचा अर्धाच भाग चांगला निघालेला, म्हणून सिंक्लेअरला स्वस्तात मिळायच्या. चोरानेही काय माल निवडला!) आणि इंग्लंडहून आलेली यूएलए? भाच्याला पाठवलेल्या फोटोत चिपच्या कडेला पांढऱ्या रंगाचा ठिपका होता. तो ठिपका तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी गेलो. "काका, तुमचं मशीन मुळात सोळाच होतं." फोटो दाखवला. "हा याच मशीनचा कशावरून?" ठिपका दाखवला. मग आवाज चढला, "एवढा विश्वास नव्हता तर आणलंत कशाला?" बाजूच्या झेरॉक्सवाल्याने मला हळूच सांगितलं की महिन्यात मी तिसरा. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, तर पहिला प्रश्न बिलाचा. माझ्याकडे कपटा.

शेवटी ओळखीतून टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. कर्वेनगरला गॅलरीत बसून काम करतात, दुपारी एक ते चार मात्र बेल वाजवायची नाही. त्यांनी मल्टिमीटरचा काळा खिळा अर्थला लावला आणि मला ४११६ च्या पिना दाखवल्या. पहिलीवर उणे पाच व्होल्ट, आठवीवर बारा, नववीवर पाच. या चिपला तिन्ही लागतात. उणे पाच आणि बारा बनवणाऱ्या भागात टीआर ४ नावाचा एक ट्रान्झिस्टर असतो, तो स्पेक्ट्रममध्ये नेहमी जातो, आणि उणे पाच गेले की पट्ट्या. आमच्या बोर्डावर तेवढा एक ट्रान्झिस्टर नवाकोरा चमकत होता.

"त्याने काम केलंय हो," ते म्हणाले. "एवढंच केलंय. वस्तू शंभराच्या आतली."

त्यांनी उखडलेल्या रेघा बारीक वायरने जोडल्या, सॉकेट बसवले, त्यात आठ ४१६४ चिप घातल्या आणि प्रत्येक वस्तूची किंमत कागदावर मांडून दिली. एकूण अकराशे चाळीस. काढलेला एक गंजका कपॅसिटरसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिला.

घरी बाबांनी पुन्हा ती ओळ टाइप केली. ६५५३५. मग कॅसेट लावली, या वेळी दुसऱ्याच खेपेला चढली, आणि १९८८ ची थकबाकीदारांची यादी पडद्यावर आली. पहिलंच नाव आमच्या मामांचं, पंचेचाळीस रुपये.