जुन्या रेल्वे वेळापत्रकांच्या साइटसाठी जीटीएफएस: काही महिन्यांच्या वापरानंतर

महाराष्ट्रातल्या जुन्या पॅसेंजर गाड्यांच्या वेळापत्रकांची साइट मी हौसेने चालवतो. आधी नुसती स्कॅन केलेली पानं टाकायचो. पान बघायला मिळायचं, पण कुर्डुवाडीला उतरून पंढरपूरची छोटी गाडी पकडायची तर मेन लाइनची कोणती गाडी सोयीची होती, हे शोधायला तासभर लागायचा. म्हणून गेले काही महिने सगळ्या वेळा जीटीएफएस या, म्हणजे वेळापत्रक संगणकाला वाचता येईल अशा ठरावीक स्वरूपात आणतोय.

हे स्वरूप २००५ मध्ये गुगल आणि अमेरिकेतल्या पोर्टलंडची ट्रायमेट ही वाहतूक संस्था यांच्या कामातून आलं, तेही आजच्या शहरी बस आणि लोकलसाठी. प्रत्यक्षात ही काही साध्या टेक्स्ट फाइलींची जुडी असते: स्थानकांची एक, फेऱ्यांची एक, थांबे आणि वेळांची एक, कोणत्या वारी गाडी धावते त्याची एक. कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडतात. साइट एका ठिकाणाहून दुसरीकडे न्यायची तर फोल्डर उचलायचं, झालं. हौशी माणसाला हे फार मोलाचं आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मध्यरात्रीचा हिशेब. संध्याकाळी निघालेली गाडी पहाटे १:४० ला एखाद्या स्थानकात पोचत असेल तर इथे २५:४० लिहायचं. गाडीचा दिवस तुटत नाही, क्रम बिघडत नाही. फक्त वेळेचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या, नाहीतर स्प्रेडशीट परस्पर १:४० दाखवू शकते.

दुसरी गोष्ट विनंती थांब्यांची. जुन्या पानांवर तळटीप असते की अमुक ठिकाणी प्रवासी असतील तरच गाडी थांबेल, उतरणाऱ्याने गार्डला आधी सांगावं. चढण्या-उतरण्याच्या रकान्यात ३ हा आकडा टाकला की अर्थ होतो 'चालकाशी बोलून ठरवा'. बससाठी केलेली सोय नॅरोगेजला इतकी चपखल बसेल असं वाटलं नव्हतं. आषाढीच्या जादा गाड्यांसाठी तर नेमक्या तारखांची वेगळी फाइलच आहे. दरवर्षी तारीख बदलते, तिथे वारांचा तक्ता कामाचा नाही.

स्थानकांना मात्र स्वतःचे संकेतांक द्या, नावावर अवलंबून राहू नका. बार्शी लाइट ही नॅरोगेज रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली तेव्हा आजचं कुर्डुवाडी 'बार्शी रोड' होतं. व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं, २०१७ मध्ये सीएसएमटी. संकेतांक एकच ठेवला की बार्शी लाइटचे पंढरपूर (१९०६), लातूर (१९११), मिरज (१९२७) असे टप्प्याटप्प्याने वाढत गेलेले फाटे वर्षानुवर्षं एका साखळीत दिसतात. पुणे–मिरज १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली. त्याआधी मुंबईहून कोल्हापूरला जाताना पुण्यात गाडी बदलावी लागे, आणि तो बदल दाखवायलाही स्वतंत्र फाइल आहे. जोडगाडी थांबून राहते, असं पानावर छापलेलं असेल तरच तिथे १ टाका. अंदाजाने मेळ घालू नका.

खरी कसोटी घड्याळाची. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली. त्याआधी रेल्वे मद्रास वेळेने चालायची, म्हणजे आजच्यापेक्षा ९ मिनिटं मागे, आणि मुंबई शहराची स्वतःची वेळ ३९ मिनिटं मागे. पुढे दुसऱ्या महायुद्धात घड्याळं तासभर पुढे नेली होती. माझं ठाम मत आहे की छापलेली वेळ जशीच्या तशी ठेवावी आणि ती कोणत्या घड्याळाची, हे वेगळ्या रकान्यात लिहावं. सगळं आजच्या वेळेत फिरवून टाकलं की मूळ कागदाशी ताळा करता येत नाही.

पुसट ३ आणि ८ यांतला फरक ओळखायला अंतराचा रकाना भरा. दोन स्थानकांमधला वेग काढला की नॅरोगेज गाडी ताशी ९० किलोमीटर पळताना दिसते आणि आकडा चुकल्याचं लगेच कळतं. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, फक्त पहिल्या मसुद्यापुरतं वापरा. बारीक रेघा आणि टिंबं असलेल्या रकान्यांत डोळ्यांना पर्याय नाही. फाटलेल्या जागी मधल्या थांब्यांची वेळ रिकामी सोडता येते (पहिल्या आणि शेवटच्या थांब्याची नाही), तिथे शून्य मात्र लिहू नका.

उणीव एकच, पण मोठी. कुठे उपाहारगृह, कुठल्या गाडीला तिसरा वर्ग, कुठे जेवणाचा डबा, यांना यात जागा नाही. स्वतःचे जादा रकाने जोडता येतात, ते मी जोडलेत. पण बाहेरची सॉफ्टवेअरं ते वाचत नाहीत. शिवाय तपासणीचं सॉफ्टवेअर दरवेळी 'सेवेची मुदत संपली' असा इशारा देतं. १९३० च्या डेक्कन क्वीनला तो मिळणारच. त्याकडे दुर्लक्ष करा, बाकीच्या त्रुटी मात्र नीट वाचा, त्या बहुतेक खऱ्या असतात.

ज्यांच्याकडे दोन-चार पुस्तिकाच आहेत त्यांनी स्कॅन आणि साधी यादी एवढंच ठेवावं. एकाच मार्गाची अनेक वर्षं जमवत असाल तर जीटीएफएस जरूर घ्या, पण सुरुवात एका फाट्यापासून करा आणि प्रत्येक नोंदीसमोर मूळ पानाचा क्रमांक लिहा.