फुगवायच्या लहान होडीसाठी विजेची मोटर: आधी बॅटरी, मग मोटर

अडीच मीटरच्या आसपास लांबीच्या फुगवायच्या होडीसाठी मोटर बघताना खोक्यावरचा थ्रस्टचा आकडा सर्वांत आधी नजरेत भरतो, आणि निवड करताना त्याचाच उपयोग सर्वांत कमी होतो. ३०, ४० किंवा ५५ पौंड हा आकडा होडी जागच्या जागी बांधलेली असताना मोटर किती जोर लावते एवढेच सांगतो. इतक्या आखूड होडीचा वेग मुळात तिच्या लांबीनेच मर्यादित केलेला असतो. ताशी ६ ते ७ किलोमीटरच्या पुढे रेटायला गेल्यास वेग नावापुरता वाढतो, बॅटरी मात्र झपाट्याने उतरते. म्हणून किती वेळ पाण्यात राहायचे आणि किती वजन उचलून न्यायचे हे ठरवून बॅटरी निवडावी आणि तिला झेपेल अशी मोटर घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

५५ पौंडांची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर (वेगळ्या बॅटरीवर चालणारी, होडीला अडकवायची साधी विजेची मोटर) पूर्ण वेगात सुमारे ५० अँपिअर, म्हणजे ६०० वॉट खेचते. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी या हिशेबाने दोन तास पुरायला हवी. परंतु एवढा मोठा प्रवाह काढताना तिची क्षमता कमी भरते आणि निम्म्याखाली वारंवार उतरवल्यास आयुष्यही घटते, त्यामुळे पूर्ण वेगात एक तासही धड मिळत नाही. शिवाय तिचे वजन २५ ते ३० किलो. त्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण निम्म्या वजनात जवळजवळ सगळी क्षमता वापरू देते. मात्र तिचे संरक्षक सर्किट ५० अँपिअरहून अधिक प्रवाह सतत देऊ शकते ना, हे पाहून घ्यावे.

वेगनियंत्रणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. पाच पायऱ्यांच्या स्वस्त मोटरीत कमी वेगावर उरलेली वीज रोधकात उष्णता होऊन वाया जाते, तर पायऱ्यांविना चालणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण लागेल तेवढीच वीज घेते. निम्म्या वेगाने रमतगमत जाणाऱ्याला १५ पौंड जास्तीच्या थ्रस्टपेक्षा हे नियंत्रण कितीतरी अधिक अंतर मिळवून देते.

बॅटरी अंगचीच असलेल्या मोटरींचा वर्ग वेगळा. टॉर्कीडो कंपनीच्या ट्रॅव्हल ११०३ मध्ये ९१५ वॉट-तासांची, तर ईप्रोपल्शनच्या स्पिरिट १.० प्लसमध्ये १२७६ वॉट-तासांची बॅटरी येते, आणि दोन्हींची ताकद १ किलोवॉटच्या आसपास आहे. हलक्या, पाण्यावर उंच तरंगणाऱ्या होडीला समोरचा वारा सहज मागे लोटतो. अशा वेळी हा राखीव जोर खऱ्या अर्थाने कामी येतो. पायात लोळणाऱ्या तारा नाहीत, हाही मोठा दिलासा. गैरसोय अशी की जादा बॅटरी त्याच कंपनीची घ्यावी लागते. आणि प्रवासी सामानात १६० वॉट-तासांवरील लिथियम बॅटरी चालत नसल्याने विमानप्रवासात ती सोबत नेता येत नाही. बंदिस्त तलावात फिरणाऱ्याने एवढा खर्च करू नये. ओहोटीच्या प्रवाहातून किनारा गाठायचा असेल, तर मात्र करावा.

ट्रोलिंग मोटर घेतल्यास बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज किंवा सर्किट ब्रेकर बसवावा आणि तारा जाड घ्याव्यात. पूर्ण वेगात चालवून तारांच्या टोकांना हात लावल्यावर ती चटका देण्याइतकी तापलेली असतील, तर जोड सैल आहे किंवा तार बारीक आहे. गोड्या पाण्यासाठीची मोटर समुद्रात वापरू नये. मोटरच्या दांड्याची (पंख्यापर्यंत खाली जाणाऱ्या नळीची) लांबी होडीच्या मागच्या फळीवरून मोजावी, आणि तीही माणसे बसल्यावर. पुढे बसलेला माणूस नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, सरकला की मागची बाजू उचलली जाते, उथळ बसलेला पंखा हवा ओढतो, मोटरचा आवाज एकदम चढतो आणि होडी जागची हलत नाही. त्यामुळे आखूड दांड्यापेक्षा लांब, वरखाली करता येणारा दांडा केव्हाही बरा.